कोणती आधी वाचायची

पहिली अट: दुपारी वाचायची.
रात्री कुणीही घाबरतं, त्यात गोष्टीचं काय कौतुक?
साल्मियात, जुलैमध्ये, दुपारचे तीन,
रस्त्यावर चिटपाखरू नाही,
एसीचं पाणी खालच्या गाडीच्या टपावर टपटपतंय,
अशा वेळी जिच्यामुळे मानेवरचे केस उभे राहतात
ती खरी गोष्ट.

हे मी निहिराला सांगितलं. चौथा मजला, वय तेरा,
जन्म कुवेतचाच. मराठी बोलते फाडफाड,
वाचते मात्र ओळीखाली बोट धरून,
जोडाक्षराला ठेचकाळत.
"मावशी, भुताचं आहे का काही?"
होतं. तीस किलोंत बसेना म्हणून
लोणच्याची बरणी मागे ठेवून आणलेलं,
कव्हर गेलेलं, पाठीला वायरिंगची काळी टेप.
जुन्या विलायती गोष्टी, कुणा मास्तरांनी मराठीत उतरवलेल्या;
त्यांत उमरावाचा बटलरसुद्धा "अगोबाई" म्हणतो.

म्हटलं, दीपगृहाची आधी घे.
रखवालदार रोज पायऱ्या मोजतो
आणि रोज एक जास्त भरते.
मग शिंप्याची: गिऱ्हाईक मेलंय,
तरी त्याचा कोट दर हिवाळ्यात
थोडा सैल करायला येतो.
आरशाची सोडून दे, शेवटी माती केलीय.
बंद खोलीची मात्र अगदी शेवटी.
ती वाचून मी, चांगली बावीस वर्षांची घोडी,
आठ दिवस आईजवळ झोपले होते.

तिच्या शंका निराळ्याच.
धुकं कसं असतं?
धुळीचं वादळ आठव, म्हटलं, फक्त ओलं.
तळघर?
आपलं पार्किंग.
पोटमाळा? इथे मी अडकले.
"आणि ही माणसं दोनशे वर्षं एकाच घरात?
त्यांचं भाडं वाढत नाही?"

हसले खरी. पण भूत व्हायलाही मुक्काम लागतो.
आमच्याकडे करार वर्षाचा.
अकामा संपला की माणूस सोफा विकतो,
कुंड्या शेजाऱ्यांना देतो, जातो.

आठवड्याने आली, पुस्तक छातीशी धरून.
शिंप्याची आवडली म्हणाली. मग जरा थांबून,
"आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे पेन्सिलीच्या रेघा आहेत.
आमच्या आधीच्यांच्या.
युसुफ सहा. युसुफ सात. युसुफ आठ.
अकराच्या पुढे नाहीत.
लहानपणी मी त्याला लागून उभी राहायचे.
मागच्या वर्षी त्याच्या वर गेले.
तो कुठे गेला?"

कॅनडाला, मी म्हटलं. पटकन.

मला आठवत नव्हतं.
लिफ्टमध्ये फुटबॉल घेतलेला एक मुलगा, बहुतेक.
हसून सलाम करणारी त्याची आई.
मग एका महिन्यात त्या दाराबाहेरच्या चपला बदलल्या, इतकंच.
अबू रजबला विचारलं, आमचा हारिस,
वीस वर्षं त्याच खुर्चीत बसलेला.
तो म्हणाला, कोण युसुफ?
बाहेर एसीचं पाणी टपटपत होतं. तीन वाजले होते.

यंदा जूनमध्ये निहिराच्या बाबांची नोकरी गेली.
सोफा विकला. कुंड्या माझ्याकडे आल्या,
आणि पुस्तक, नव्या टेपसकट.
मागच्या कोऱ्या पानावर तिचं अक्षर,
जोडाक्षरं बरोबर, एक सोडून:

दीपगृह – मस्त.
शिंपी – दोनदा वाचली.
बंद खोली – यात घाबरण्यासारखं काय आहे?
आरसा – मावशी, तुम्ही शेवट नीट वाचलेला नाही.
परत वाचा. दूपारी. एकट्या असताना नको.

वाचायला घेतलं होतं,
तेवढ्यात अबू रजब पांढऱ्या रंगाचा डबा घेऊन
वर जाताना दिसला.
लिफ्ट बंद आहे.
ते एक दार राहू दे, एवढं सांगायला
चार मजले चढतेय.
पायऱ्या मोजत नाहीये.